तिसऱ्या भाषेच्या आधीचा प्रश्न

१६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. १७ जूनला शब्द बदलले. हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ असेल, दुसरी कुठली भारतीय भाषा हवी असेल तर वर्गातल्या किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागायला हवी. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या अडीच महिन्यांत वृत्तवाहिन्यांवर, सभांमध्ये, घराघरांतल्या जेवणाच्या पंगतीत जेवढे भाषेवर बोलले गेले, तेवढे मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाही बोलले गेले नव्हते. पहिलीतल्या मुलावर तिसऱ्या भाषेची सक्ती करणे चूकच होते आणि ती मागे घेतली गेली हे बरे झाले, असे माझे मत आहे. तरीही हा वाद ज्या रीतीने लढला गेला त्याने मला अस्वस्थ केले. दोन्ही बाजूंनी भाषेला वेळापत्रकातला एक रकाना मानले. त्या रकान्यात कुणाचे नाव लिहायचे, एवढ्यावर सगळी ताकद खर्च झाली. त्या तासाला वर्गात काय घडणार, शिकवणार कोण, मुलाच्या घरातली भाषा त्या वर्गाच्या दाराबाहेर थांबणार की आत येणार, हे कुणी विचारले?

माझे म्हणणे असे आहे की भाषा किती आणि कोणत्या, यापेक्षा मूल दोन भाषांच्या मध्ये उभे राहून काय करते, यावर भाषाशिक्षणाचे यश ठरते. तिथे उभे राहून करण्याजोगे सर्वांत कसदार काम म्हणजे सर्जनशील अनुवाद. आणि हे काम शाळांपर्यंत नेण्याची जबाबदारी राज्यातल्या विद्यापीठांच्या भाषाविभागांची आहे. मराठी, हिंदी, उर्दू, संस्कृत, इंग्रजी, कन्नड, जर्मन, रशियन, ज्या विद्यापीठात जो विभाग असेल त्याने आठवड्यातले काही तास जवळच्या शाळेत घालवावेत. उद्‌घाटनाच्या फलकापुरते जाऊन भागणार नाही, वर्षभर जायला हवे.

सर्जनशील अनुवाद म्हणजे काय, हे आधी नीट सांगायला हवे, कारण मराठी माणसाला ‘भाषांतर’ म्हटले की वहीचे दोन रकाने आठवतात. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजातले अनुवाद केंद्र गेली काही वर्षे शाळांसोबत हे काम करते. अँथिया बेल या फ्रेंच आणि जर्मनमधून इंग्रजीत अनुवाद करणाऱ्या बाई २०१८ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाने ११ ते १८ वयाच्या मुलांसाठी या केंद्राने एक स्पर्धा सुरू केली. स्पर्धेचे निमित्त, खरा भर शिक्षकांना मोफत पुरवल्या जाणाऱ्या वर्गसाहित्यावर आहे. तिथल्या स्टीफन स्पेंडर न्यासाची काव्यानुवाद स्पर्धा तर जगातल्या कोणत्याही भाषेतली कविता स्वीकारते आणि पोलिश, उर्दू अशा स्थलांतरितांच्या घरभाषांसाठी त्यांनी मुद्दाम वेगळे उपक्रम केले. अशा वर्गाची रीत साधी असते. अनोळखी भाषेतली छोटी कविता मोठ्याने वाचली जाते, दोनदा, तीनदा. मुले आधी फक्त ऐकतात: यमक कुठे आहे, कुठला ध्वनी परत येतो, ओळ कुठे तुटते. मग कठीण शब्दांचे अर्थ हाती दिले जातात. जोडीजोडीने एक ओबडधोबड, शब्दाला शब्द असा मसुदा होतो. तो वाचल्यावर मुलांनाच जाणवते की ही कविता राहिली नाही. इथून खरे काम सुरू होते. अर्थ धरला तर लय सुटते, लय धरली तर एखादी प्रतिमा हातची जाते. काय ठेवायचे, काय सोडायचे, हे मुलांनी ठरवायचे आणि का ठरवले ते वर्गाला सांगायचे. तासाच्या शेवटी एकाच कवितेची पंधरा रूपे भिंतीवर असतात आणि त्यातले कुठलेही ‘उत्तर’ नसते.

आता हीच रीत सोलापुरात कशी दिसेल, याची कल्पना करा. सोलापूर मी मुद्दाम निवडतो. गिरण्या आणि हातमागांच्या दिवसांपासून तिथे तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज आहे. अक्कलकोटच्या बाजूने कन्नड येते. उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. मराठी आहेच. शहरात २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. अशा शहरातल्या सातवीच्या वर्गात बाहेरून भाषा आणावी लागत नाही, ती बाकावर बसलेली असते. पण आपल्या शाळेने तिच्याशी ओळखच करून घेतलेली नाही. एखाद्या तेलुगूभाषक मुलीने आजीकडून ऐकलेले गाणे वर्गात म्हटले, त्याचा अर्थ सांगितला आणि बाकीच्या तीस मुलांनी ते मराठीत उतरवायचा प्रयत्न केला, तर त्या तासाला वर्गातली सर्वांत जाणकार व्यक्ती ती मुलगी असेल. तिला विचारल्याशिवाय कुणाची ओळ पुढे सरकणार नाही. एरवी जिच्या मराठी निबंधात शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या जातात, तिच्याकडे वर्गाने शब्दाचा अर्थ मागणे, ही माझ्या लेखी भाषाशिक्षणातली फार मोठी घटना आहे. तिसरी भाषा शिकवण्यासाठी २० विद्यार्थ्यांची अट घालणाऱ्या शासन निर्णयाला ही एक मुलगी दिसूच शकत नव्हती. एकोणीस जणींची भाषा शून्य आणि विसाव्या हातावर ती अस्तित्वात येणार, असा तो हिशेब होता.

हे सगळे परदेशी खूळ आहे, असे ज्यांना वाटेल त्यांनी १८४८ ची मुंबई आठवावी. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला अजून नऊ वर्षे होती. एल्फिन्स्टन संस्थेतल्या तरुण विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या मराठी आणि गुजराती अशा ज्ञानप्रसारक शाखा झाल्या. इंग्रजीत शिकलेले ज्ञान आपापल्या भाषेत आणून लोकांपुढे मांडणे हे त्यांचे काम होते. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि त्यांत स्वतः विनावेतन शिकवले. दादाभाई नौरोजी त्यांच्यातले एक. म्हणजे ज्याला आपण आज विद्यापीठाचे विस्तारकार्य म्हणतो, ते या प्रांतात विद्यापीठाच्या आधी जन्मले, आणि जन्मले तेच दोन भाषांच्या मध्ये. उच्च शिक्षण घेणाऱ्याने खालच्या वर्गांत जाऊन शिकवणे आणि शिकवताना भाषा ओलांडणे, या दोन गोष्टी त्या पिढीला वेगळ्या वाटत नव्हत्या. पुढे विद्यापीठ आले, पदव्या आल्या, देशी भाषांना अभ्यासक्रमात जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, आणि ती जागा मिळाल्यावर भाषाविभाग आपल्या इमारतीत स्थिरावले. आज मराठी विभागातला प्राध्यापक दहावीच्या वर्गात जातो तो बहुधा पाहुणा म्हणून, २७ फेब्रुवारीला.

दुसरे नाव साने गुरुजींचे. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात असताना त्यांनी दक्षिणेतल्या सोबत्यांकडून तमिळ समजून घेतली आणि तिरुक्कुरळ हे प्राचीन तमिळ काव्य मराठीत आणले. स्वातंत्र्यानंतर आंतरभारतीची कल्पना मांडताना त्यांच्यापुढे तोच अनुभव होता: प्रांताप्रांतांतल्या तरुणांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य आपल्या भाषेत आणावे. आजच्या वादात दोन्ही बाजू राष्ट्रीय एकात्मतेचे नाव घेतात. एक म्हणते हिंदीने ती येईल, दुसरी म्हणते हिंदीच्या सक्तीने ती जाईल. गुरुजींची वाट या दोन्हींपेक्षा वेगळी होती. एका मधल्या भाषेच्या आधाराने सगळ्यांनी एकमेकांना भेटावे असे ते म्हणत नव्हते, थेट भेटावे असे म्हणत होते. १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या त्रिभाषा सूत्राने हिंदी प्रदेशातल्या मुलांनी दक्षिणेतली एखादी भाषा शिकावी असे सुचवले होते. ते कागदावर राहिले, तिथे तिसऱ्या भाषेच्या जागी बहुतेक ठिकाणी संस्कृत बसली. धोरणाने जे पन्नास वर्षांत झाले नाही ते तुरुंगातल्या एका माणसाने केले. फरक असा की त्याला त्या भाषेतून काहीतरी घेऊन यायचे होते, परीक्षा द्यायची नव्हती.

आता आक्षेप. त्यातला सर्वांत वजनदार आक्षेप भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, भाषांतराच्या रीतीनेच आपल्या पिढ्यांचे इंग्रजी बिघडले. पाठमालेतली वाक्ये पाठ करून, प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ पेन्सिलीने लिहून मुले परीक्षा पास झाली आणि दुकानात दोन वाक्ये बोलू शकली नाहीत. त्यावर उपाय म्हणूनच तर संवादावर भर देणारी पद्धत आली. हे खरे आहे. ती पाठमालेची रीत परत आणा असे कुणी म्हणेल तर मीही विरोधात उभा राहीन. पण त्या रीतीत बिघाड नेमका कुठे होता? तिथे प्रत्येक वाक्याचे एकच बरोबर उत्तर होते आणि ते मास्तरांकडे होते. वाक्ये कुणी कुणाला बोललेली नव्हती. मुलाला निवड नव्हती, म्हणून विचार नव्हता. सर्जनशील अनुवादाच्या वर्गात मुलांना बोलावेच लागते, भांडावे लागते, ‘ही ओळ आजी म्हणेल का’ यावर वाद घालावा लागतो. संवादपद्धतीला जो संवाद हवा असतो तो इथे खऱ्या कारणासाठी घडतो. रेल्वे स्थानकावर तिकीट मागण्याचा खोटा प्रसंग उभा करावा लागत नाही.

दुसरा आक्षेप गरिबीचा आहे. ग्रामीण शालेय शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या पाहण्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत की ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या अर्ध्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर धड वाचता येत नाही. जिथे अक्षरच ओळखीचे नाही तिथे कवितेच्या लयीची चैन कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही, आणि पहिली-दुसरीतला वेळ वाचनालाच द्यावा हे मला मान्य आहे. माझी सूचना पाचवीपासून पुढची आहे. पण वाचता न येण्याचे एक मोठे कारण काय असते, तेही पाहू. मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते, नंदुरबारच्या सातपुड्यात भिली किंवा पावरी, भामरागडकडे माडिया किंवा गोंडी. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटाची नोंद देशभरात एक कोटीच्या वर आहे. हे मूल शाळेत येते आणि पुस्तकातली प्रमाण मराठी ही त्याच्यासाठी दुसरी भाषा असते, पण शाळा ती पहिली समजून शिकवते. मुलाला मराठी येत नाही याची नोंद होते, त्याला कोरकू येते याची होत नाही. त्या मुलाच्या वर्गात त्याच्या भाषेतली गोष्ट तोंडी आली, फळ्यावर देवनागरीत उतरली, मग मराठीत सांगितली गेली, तर वाचनाला अर्थ मिळतो, कारण फळ्यावर जे लिहिले आहे ते त्याला आधीच माहीत असते. दुर्गम शाळांतले कितीतरी चांगले शिक्षक हे स्वतःच्या हिमतीने करतात. त्यांच्या पाठीशी विद्यापीठ कुठे आहे? गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याच्या दारापासून काही तासांवर माडिया बोलणारी शाळा आहे. एवढे अंतर कापायला धोरणाची वाट कशाला पाहायची?

याच्याच पोटात एक अवघड शंका आहे, आणि ती बोलींच्या कार्यकर्त्यांची आहे. अनुवाद नेहमी वरच्या भाषेकडे होतो, म्हणतात ते. अहिराणीतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत. प्रत्येक वेळी खालची भाषा कच्चा माल पुरवते आणि प्रतिष्ठा वरची घेते. मुलाला लहानपणीच हा उतरंडीचा धडा द्यायचा का? मला या शंकेत पुष्कळ तथ्य दिसते. म्हणूनच दिशा उलटवायला हवी. प्रमाण मराठीतला पाठ अहिराणीत, मालवणीत, झाडीबोलीत आणा. पाठ्यपुस्तकातला वैज्ञानिक उतारा वऱ्हाडीत सांगा. तिथे मुलाला कळते की आपली बोली फक्त विनोदासाठी आणि ओव्यांसाठी नाही. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. ज्या बाईने खानदेशच्या बोलीत रचना केली, जिला लिहिता-वाचता येत नव्हते, तिचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने खानदेशातल्या प्रत्येक तालुक्यात एक तरी असा वर्ग चालवावा, ही अपेक्षा फार आहे असे मला वाटत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून कोकणी की मराठी या वादात दमलेल्या गोव्यातही हा प्रयोग व्हावा असे मनापासून वाटते. तिथली मुले दोन्ही भाषा कानावर घेऊन वाढतात, आणि कोकणीतून मराठीत, मराठीतून कोकणीत सारख्याच सहजतेने जाऊ शकणारा विद्यार्थी त्या वादातल्या कुणाचाच शत्रू नसतो.

यंत्राचा आक्षेप मात्र मला तितका भारी वाटत नाही, जरी तो सर्वांत जास्त ऐकू येतो. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही अनुवाद-प्रणाली आहे, गूगल आहे, बोलके यंत्र-सहायक आहेत, मग मुलांनी अनुवाद शिकावाच कशाला? व्यवहाराचा मजकूर यंत्र करील, करू द्यावा. पण यंत्राने केलेले बरोबर आहे का, हे सांगणारा माणूस कुठून येणार? शिवाय यंत्र लिहिलेल्या मजकुरावर पोसते, आणि आपल्या बहुतेक बोलींत लिहिलेला मजकूर फारच तुटपुंजा आहे. आजोबांनी सांगितलेली गोष्ट जी मुलगी लिहून काढते आणि मराठीत आणते, ती तो मजकूर पहिल्यांदा निर्माण करत असते. इथे मुलांच्या नावांचा आणि गावाच्या संमतीचा प्रश्न येतो आणि विद्यापीठाने तो आधी सोडवला पाहिजे: गोष्ट गावाची आहे, विभागाच्या संशोधन निबंधाची नाही.

राहिला विद्यापीठांच्या स्थितीचा प्रश्न. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना महिनोन्‌महिने मानधन मिळत नाही, आणि अशा माणसाला तुम्ही शाळेत पाठवणार? हा टोला रास्त आहे. इंग्लंडचे उदाहरण इथे इशाराही देते. तिथे २००४ मध्ये चौदा वर्षांनंतर परकी भाषा शिकणे ऐच्छिक झाले, शाळांमधली भाषा घेणाऱ्यांची संख्या घसरत गेली, आणि मग कित्येक विद्यापीठांनी आपले भाषाविभाग आखडते घेतले किंवा बंदच केले. शाळांपर्यंत जाण्याचे जे चांगले उपक्रम मी वर सांगितले ते या घसरणीला थोपवू शकले नाहीत. टीकाकार म्हणतात की त्यात विद्यापीठांचा स्वार्थही आहे, त्यांना उद्याचे विद्यार्थी हवे आहेत. असू दे. हाच स्वार्थ आपल्या विभागांनाही कळला पाहिजे. आपल्याकडे कितीतरी महाविद्यालयांत मराठी आणि हिंदीच्या पदव्युत्तर वर्गांत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी मुले उरली आहेत. शाळेत ज्याने भाषेचा आनंद घेतला नाही तो एम. ए. मराठीला येईलच कशाला? विभाग वाचवण्याचे आंदोलन मंत्रालयाच्या दारात करावे लागते, ते करावेच. पण त्याचे दुसरे टोक सातवीच्या वर्गात आहे.

पैशाचे आणि वेळेचे म्हणाल तर बरीचशी सोय आधीच आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे, दोन वर्षांत २४० तासांचे काम स्वयंसेवकाने करायचे असते. ते रस्ता झाडण्यात आणि प्रभातफेरीत जातात, त्यातले काही एका शाळेच्या एका वर्गाला द्यायला काय हरकत आहे? नव्या पदवी अभ्यासक्रमात समाजसंपर्काच्या कामाला श्रेयांक आहेत. भाषेच्या विद्यार्थ्याने ते अनुवादाच्या वर्गात मिळवावेत. त्याला आधी विभागाने तयार करावे, शाळेतल्या शिक्षकाने त्याच्यासोबत वर्गात असावे, आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला या तासांचे वेगळे मानधन मिळावे. फुकट राबवून घेतलेली सेवा दुसऱ्या वर्षी बंद पडते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परकी भाषा शिकणारे तरुण आहेत. त्यांनी जर्मन किंवा जपानी बालगीत घेऊन पुणे महापालिकेच्या शाळेत जावे, आणि त्या मुलांकडून वडार, कैकाडी किंवा पारधी घरांतली गाणी ऐकून यावे. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली तरच तिथे पुन्हा जावेसे वाटते.

शेवटी परीक्षा, कारण जे परीक्षेत नसते ते आपल्या शाळांत टिकत नाही, हे कुणी कितीही नाकारले तरी प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे. दार इथेही थोडे उघडे आहे. दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत आजही भाषांतराला पाच गुण आहेत. सुटे शब्द, सुटी वाक्ये आणि एखादी म्हण, आपल्या माध्यमाच्या भाषेत. राज्य मंडळाने ते गुण तसेच ठेवावेत, फक्त सुट्या शब्दांच्या जागी चार ओळींची कविता किंवा दोन माणसांचे छोटे संभाषण द्यावे, अवघड शब्दांचे अर्थ खाली छापावेत, आणि विद्यार्थ्याने आपण केलेल्या एका निवडीचे कारण दोन वाक्यांत लिहावे असे म्हणावे. नमुना उत्तर एकच नसेल, त्यामुळे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना प्रशिक्षण लागेल. ते कोण देणार, याचे उत्तर विद्यापीठांच्या भाषाविभागांनी यंदाच मंडळाला लिहून कळवावे.